एकूण मुक्काम

यंदा पाटगावकरांना फोन केला नाही.
सोळा रियाल वाचतात, शिवाय
आयसीयूचे चार्ट भरणारीला
एक रिटर्न जड जाऊ नये.

सलालात शुक्रवारची रात्र. खिडकीवर भुरभुर,
इथे हिलाच खरीफ म्हणतात.
इथल्या पगाराला कर नाही.
तिकडचं उत्पन्न म्हणजे
मिरजेच्या फ्लॅटचं भाडं, एक मुदत ठेव
आणि बँकेने आधीच कापून ठेवलेले
नऊशे चाळीस रुपये.

मग तो रकाना:
भारतातील एकूण मुक्काम, दिवसांत.

पाटगावकर दर जुलैला विचारायचे, "मॅडम, किती?"
मी म्हणायची, "असेल महिनाभर."
ते काहीतरी लिहायचे.

पासपोर्ट काढला.
शिक्क्यावर शिक्का, एक पुसट, एक उलटा.
आधी बोटांवर मोजले, मग कॅलेंडरवर.
चौदा.
उतरल्याचा दिवस धरून. निघाल्याचाही धरून.

ओटीपी घरच्या सिमवर जातो.
तिकडे बारा वाजून गेलेले, शाल्मलीला उठवलं.
"आई, चार, शून्य, सात..."
"हळू सांग."
"हळू सांगितलं तर संपतो गं तो."
संपला.
दुसरा येईपर्यंत तिने जांभई देत विचारलं,
"हे पाटगावकर काका करायचे ना?
तू कशाला बसलीस मोजत?"

दुसरा आला. तिने वाचला, मी भरला.
हिरवी टिक उमटली.
"झालं?" "झालं."
फोन दोघींनीही ठेवला नाही.

सोळा रियाल तसे काही फार नव्हते.