दळणाची वही

मुकुंदवाडीत, रेल्वे फाटकाच्या अलीकडं
आमची पिठाची गिरणी होती.
आधी पट्टा तुटला, मग मोटार जळली, मग दादा गेले.
शटरवर अजून वाचता येतं :
ज्वारी, बाजरी, गहू. डाळ फक्त शुक्रवारी.
आत आता एकवीस कुत्री,
मांजरं मी मोजत नाही,
अन् वीटभट्टीवरून आलेली एक गाढवीण.

वही मात्र तीच चालवते.
दादांनी पट्टी धरून आखलेले रकाने :
नाव, वजन, दळण, बाकी.

नाव : बत्ताशा. वजन : सहा किलो, तेही भिजलेला असताना.
दळण : जालना रोड, ट्रॅव्हल्सचं मागचं चाक.
बाकी : तीन पाय.

नाव : ठेवलं नाही. वजन : माझी एक ओंजळ.
दळण : खाम नदी, खताची गोणी, गोणीला पक्की गाठ.
बाकी : पाचातली दोन.

फेरोज पंक्चरवाला रात्रीचं दुकान चालवतो.
त्याच्या मिस कॉलची आमची भाषा आहे.
एक म्हणजे जखमी.
दोन म्हणजे पिल्लं.
तीन म्हणजे, ताई, सावकाश या.

नळ आठव्या दिवशी.
त्या रात्री मी पाठ टेकत नाही.
पिंपं, बादल्या, दादांचं पीठ गोळा करायचं घमेलं,
सगळं तोंड वर करून बसतं.
पाण्याआधी नळातून हवा फुसफुसते,
ती बत्ताशाला माझ्याआधी ऐकू येते.
गल्ली म्हणते, माणसांच्या तोंडाला पाणी नाही
अन् हिची कुत्री आंघोळ करतात.
आंघोळ कसली. पण ते जाऊ द्या.

सदतीस सह्यांचा अर्ज गेला वॉर्ड ऑफिसला.
वास, भुंकणं, लहान मुलं.
सदर महिला म्हणजे मी.
पहिली सही सुरडकर सरांची,
शुद्धलेखन एका वेलांटीलाही चुकलेलं नाही.
साहेब आले, नाकाला रुमाल. परवाना विचारला.
माझ्याकडं होता तो दाखवला :
पिठाची गिरणी, साडेसात अश्वशक्ती.
त्यांनी गाढविणीकडं पाहिलं.
"बाई, ह्यात अश्व कुठंय?"
हसले मनापासून,
अन् पंधरा दिवसांची नोटीस हातात दिली.

चौदाव्या रात्री पाणी यायचंच नव्हतं. पाळी तीन दिवसांवर होती.
कूलरच्या घरघरीत गल्ली मेल्यासारखी झोपलेली.
अडीचला बत्ताशा उठला, नळापाशी तीन पायांवर तोल धरून उभा राहिला.
भुंकला. मग एकवीस जण.
अन् चार महिन्यांत जिनं हूं का चूं केलं नव्हतं,
मागच्या मांडीवर विटांची रास झेलून आलेली ती,
तिनं मान वर केली अन् रेकली.
असं रेकली की पत्रे थरथरले.
खिडक्या उघडल्या. शिव्या आल्या, आईवरून, गाढवावरून.
मग कुणीतरी थांबलं.
मग कुठंतरी बादलीत पहिली धार वाजली.

पाऊण तास पाणी होतं.
सदतीस सह्या लुंगीत, गाऊनमध्ये, उघड्याबंब
हंडे धरून उभ्या होत्या.
सुरडकर सर भिंतीपलीकडून म्हणाले,
"रोज ओरडते का हो ती?"
म्हटलं, "नाही. आजच."
"हं," म्हणाले, अन् पाइप दुसऱ्या टाकीत टाकला.

अर्ज कुणी मागं घेतला नाही.
उद्या पंधरावा दिवस.
वहीत तिच्या नावापुढं अजून कोरं आहे,
वजनाला आमचा काटा पुरत नाही.

घमेलं भरत आलं होतं तेव्हा फोन वाजला.
एकदा.
दोनदा.
मी ओल्या हातानं तोटी घट्ट धरून उभी,
पाणी वरून वाहायला लागलेलं,
अन् तिसऱ्यांदा वाजू नये, वाजू नये म्हणून
आकडे मोजत.