पोत

माझं आडनाव पोतदार.
म्हणजे कधीकाळी आमच्यातलं कुणीतरी
नाणी वाजवून बघत होतं,
बद्द आवाज आला की बाजूला काढत होतं.
मी आयटीआयला वायरिंग शिकवते
आणि शनिवारी लक्ष्मीपुरीतून
नव्वद रुपयांचे बोर्ड आणते.

बोर्डावर नखाएवढी चिप.
काम दुभाष्याचं:
सेन्सरचं बोलणं कॉम्प्युटरला सांगायचं,
यूएसबीच्या भाषेत.
पाठीवर कुठल्या लांबच्या कंपनीचं नाव.
मी कधी नीट वाचलंही नव्हतं.

असला एक बोर्ड वडणग्याला गुऱ्हाळावर लावला होता.
काहिलीत सळई, सळईतून वायर,
वायरीतून आकडा जुन्या लॅपटॉपवर:
एकशे चौदा, एकशे सोळा.
एकशे अठरा झालं की काहील उतरवायची.
दोन हंगाम आकडा चुकला नाही.

मग पौषात एका रात्री
लॅपटॉपनं कुणाला न विचारता स्वतःला अपडेट केलं,
आणि सकाळी आकड्याच्या जागी
एकच ओळ, खाली खाली सरकत, पडदा भरून:
अस्सल नाही.
अस्सल नाही.
अस्सल नाही.

चुलवाणात चिपाडं धडधडत होती,
रस फुगून काठाला आलेला.
रंगराव गुळव्यानं पडद्याकडं बघितलं,
धोतराला हात पुसला.
"कुणाला म्हणतंय गं ह्ये?"
मला सांगता येईना.
त्यानं पाण्याच्या तांब्यात चार थेंब सोडले,
बोटांनी गोळी वळली,
तांब्याच्या काठावर मारली.

टण्.

"घ्या उतरून."

शकील बागवानच्या काउंटरवर
भिंगाखाली दोन बोर्ड शेजारी ठेवले.
अक्षरं जरा जास्तच पांढरी, जास्तच ठसठशीत,
आणि दोघांचा सिरीयल नंबर एकच.
जुळ्यांचासुद्धा जन्मदाखला वेगळा असतो, शकीलभाई.
"मॅडम, मला बी खोक्यातनंच येतंय.
पर चालत हुतं न्हवं?"

चालत होतं.
तिथंच तर माझी बोलती बंद होते.
दोन हंगाम ती चिप
एक आकडा खोटं बोलली नाही.
खोटं होतं ते पाठीवरचं नाव,
आणि ते तिनं घेतलेलं नव्हतं,
तिला चिकटवलेलं होतं.

शकीलनं दुसरा डबा काढला. सीएच-तीनशे चाळीस.
"पंचावन्न रुपये. हलकी हाय,
पर कुणाचं नाव लावून फिरत न्हाई.
अपडेट येऊ दे न्हाईतर भूकंप."
मी चार घेतल्या, पावती मागितली.
पावतीवर त्यानं नुसतंच लिहिलं: पार्ट, ४ नग.

रात्री टेबलावर
बोलायच्या पिनेला ऐकायची पिन जोडली.
असं केलं की आपण टाइप केलेलं
चिपमधून फिरून आपल्यालाच परत येतं,
जसंच्या तसं आलं तर चिप शाबूत.
काय टाइप करावं सुचेना, म्हणून आडनाव टाकलं.
पोतदार.
पोतदार, परत आलं.
आमच्यात तीन पिढ्या कुणी नाणं वाजवलेलं नाही.
तरी दारावर पाटी आहे,
पोस्टमनला पुरते.

जुनी चिप टाकवेना.
तिच्या पाठीवरचं नाव ब्लेडनं खरवडलं,
वर पांढऱ्या टेपचा तुकडा,
त्यावर बारीक पेनानं:
वडणगे, दोन हंगाम.
अपडेट न होणारा एक कॉम्प्युटर आमच्या लॅबमध्ये आहे,
त्याच्याशी तिचं जमतं.

परवा पुन्हा गुऱ्हाळावर गेले.
नवा बोर्ड, तीच सळई.
पडद्यावर एकशे सतरा, एकशे अठरा.
रंगराव तांब्या घेऊन वाकलेला.
पोरं काहिलीच्या कड्यांना बांबू लावून उभी,
माझ्याकडं बघत.
"बाई, झालं का?"

थांबा, म्हटलं.
वाजू दे.