दाट, विरळ

फेरीबोटीच्या पोटात आमची बस उभी असते,
चाकांना साखळ्या घालून.
आत एक्स-रेचं यंत्र, दोन खुर्च्या, एक हीटर
आणि हात चोळत बसलेली मी.
हीयुमा बेटावरच्या बायका सगळं सोसतात,
गार हात तेवढे नाही.

कैनाच्या थांब्यावर पहिली लेइदा, वय एकाहत्तर.
स्वेटर, त्याखाली स्वेटर, त्याखाली नवऱ्याचा बनियन.
"खाली काही उरलंय का बघ," म्हणते,
आणि स्वतःच उचलून ठेवते पट्टीवर,
बाजारात मासा मांडावा तसा.
पाच पोरं अंगावर प्यायली. डावीकडे जास्त,
उजवा हात चुलीला लागायचा.
डावा अजून बोटभर खाली आहे.
"हात बर्फ आहेत गं तुझे," ती ओरडते.

पडद्यावर तिचं सगळं विरळ झालेलं:
राखाडी चरबी, आणि तिच्यातून जाणारे
कातडीपासून छातीपर्यंतचे दोर,
कधीकाळी ताठ,
आता धक्क्याला लागलेल्या होडीच्या दोरांसारखे सैल.
पंधरा-वीस दुधाच्या खोल्या होत्या इथे,
प्रत्येकीची वाट बोंडाकडे निघालेली.
बिऱ्हाडं गेली, मग भिंतीही विरल्या.
आमच्या डॉक्टरांना असं घर आवडतं,
इथे कुणाला लपता येत नाही.

विर्वे बावन्नची, पण तिचं अजून पांढरं, गच्च.
हिमवादळात मेंढरू शोधावं
तसं पांढऱ्यात पांढरं शोधायचं.
"कदाचित परत बोलावतील," मी सांगते,
"दाट आहे, म्हणून. दुसरं काही नाही."
"लापशी दाट झाली की मी दूध घालते," ती म्हणते.
"इथे काय घालू?"

माइमूला एकच.
दुसरीकडे सपाट, आणि एक तिरकी रेघ,
होडी ओढून नेल्यावर वाळूत उरते तशी.
बटणं लावताना ती सांगते, न विचारता:
"मी आठ दिवसांची असताना माझ्या छातीतून दूध आलं होतं.
आई घाबरली. सुईण म्हणाली,
चेटकिणीचं दूध आहे, पिळू नका, आपसूक जाईल.
आईच्याच रक्तातलं काहीतरी माझ्यात उतरलेलं.
पुढे मला मूल झालं नाही.
म्हणजे उभ्या जन्मात दोन थेंब.
तेही उसने."
एवढं बोलून ती पुढच्या बाईसाठी दार धरून उभी राहते.

संध्याकाळी हाप्सालूहून केर्तूचा फोन. अकरा वर्षांची.
"आई, मला गाठ आलीय. एकाच बाजूला. दाबलं की दुखतं."

आमच्या घरात हा शब्द मिठाच्या बरणीसारखा
जेवणाच्या टेबलावर असतो. चूक माझीच.
"केवढी?"
"बटणाएवढी. कोटाच्या नाही, शर्टाच्या."
"बोंडाच्या बरोबर खाली?"
"हो."
एक श्वास मी धरून ठेवला होता, तो सोडते.
"ती गाठ नाही, वेडे. सुरुवात आहे.
दुसरी येईल मागून, महिन्याने, सहा महिन्यांनी.
दोघी एकदम घरातून कधीच निघत नाहीत."

"तुझ्या यंत्रात बघशील?"
"अजून चाळीस वर्षं तरी नाही."
"मग तोवर काय करू?"
ही झाली तेव्हा याच बोटीवर
कुणाचंही पोर रडलं की मला पान्हा फुटायचा,
गणवेशावर दोन ओली नाणी.
ते मी सांगत नाही.
"मऊ बनियन घाल," म्हणते, "आणि दाबत बसू नकोस."
"बरं," म्हणून ती फोन ठेवते,
तिला सायकलची साखळी बसवायची असते.

बसमध्ये आता कुणी नाही. हीटर बंद.
सेहेचाळीस वर्षांची मी
स्वेटरच्या आत हात घालते, डावीकडे,
आणि दचकते.
खरंच, बर्फ आहेत.