दोन प्रकाशा

गोमाईवरचं धुकं हलायच्या आत
सुपडू न्हावी घाटाच्या सातव्या पायरीवर
गोणपाट टाकून बसलेला असायचा.
पितळी वाटीत पाणी, डबीत तुरटी,
गुडघ्याला अडकवलेला चामड्याचा पट्टा.
पहिली गाडी धुळ्याची, मग शिरपूरची, मग सेंधव्याची.
हॉर्नवरून तो सांगायचा
आज कुठलं माणूस गेलं.

लोक यायचे मडकं पोटाशी धरून
आणि आधी विचारायचे ते
संगम कुठे, हे नाही,
लघवीला कुठे जायचं, हे.
बाप वस्तऱ्यानेच दिशा दाखवायचा.

आम्हाला दक्षिण काशी म्हणजे
एक दिवसाआड नळ,
केदारेश्वराच्या घंटेवर शिजायला टाकलेली डाळ,
गुरुजींच्या मोटारसायकलीला बांधलेली दर्भाची जुडी,
नदीत लोहचुंबक सोडून नाणी काढणारी पोरं
आणि त्या नाण्यांची दुपारची पेप्सी.
आई पिंडांचं पीठ विकायची, पावशेराच्या पुड्या.
उरलं की घरी धिरडी.
कुणाला त्यात काही वाटत नसे,
मीठ बरोबर पडलं की झालं.

रडणाऱ्याला बाप कधी रडू नका म्हणाला नाही.
"मान खाले," म्हणायचा,
"आते हालू नको, भाऊ."
तेवढ्यावर पुष्कळ माणसं शांत व्हायची.

एकदा जेवता जेवता म्हणाला,
"सारं जग आठे गाडीवर येस.
मी मातर कधी ऊनूच नही.
मी ते आठेच व्हतू."
आईने नुसता ठेचा वाढला.

तो गेला पौषात, नळाच्या दिवशी.
तिसऱ्या दिवशी राख सावडली.
संगम घरापासून तीनशे पावलं.
मी मडकं उचललं, तशी आई दारात आडवी झाली:
"आसं नको लई जाऊ.
तेले शहादाले लई जाय,
तठून गाडीवर बसाडी लई ये."

शहाद्याहून नंदुरबार गाडी.
बापाला खिडकी दिली.
बाहेर पपईचे मळे, कारखान्याच्या मळीचा वास,
गोमाई मधेच दिसायची, मधेच उसात शिरायची.
"कुठे?" कंडक्टरने विचारलं.
"दोन प्रकाशा."
त्याने शेजारची सीट पाहिली, फडकं पाहिलं,
मशीनवरचा अंगठा थोडा वेळ तसाच.
"वय किती?"
"अडुसष्ट."
"मग अर्धंच लागतं," म्हणाला,
आणि एक फुल्ल, एक हाफ फाडून दिलं.
आधार कार्ड मागितलं नाही.

फाट्यावर रतिलालची रिक्षा,
शाळेत माझ्याच बाकावरचा.
मडकं दिसताच सवयीने ओरडला,
"घाट, घाट, वीस रुपये!"
मग जीभ चावली.
मी बसलो. वीस दिले.
त्याने घेतले, कारण मी हात मागे घेईना.

सातव्या पायरीवर आता झिपरू होता,
तीस वर्षं बापाचं गिऱ्हाईक पळवणारा.
मला वस्तरा कधी आला नाही,
मी नंदुरबारला मोबाईलच्या काचा बदलतो.
डोकं त्याच्यापुढे केलं.
तो पट्ट्यावर वस्तरा मागेपुढे करत राहिला,
धार कधीच लागली होती तरी.
शेवटी म्हणाला, "मान खाले कर."
आणि सगळ्यांना विचारतात तसंच विचारलं,
"कोणतं गाव, भाऊ?"

मी म्हटलं, शहाद्याहून आलो.

घरी आई पुड्या बांधत होती.
डोक्याकडे पाहिलं नाही.
"गाडीले गर्दी व्हती का?"
"नही. दोन्हीसले जागा भेटनी."
"बरं," म्हणाली,
आणि हंडा उचलून नळावर गेली,
पाणी जायची वेळ झाली होती.