अडसर

लिंकनमध्ये, मक्याच्या त्या सपाट मुलखात,
उंच म्हणावी अशी एकच वस्तू: आमचं कॅपिटॉल.
कळसावर काशाचा एक माणूस उभा, मूठ भरून बी फेकतोय,
नव्वदएक वर्षांत एक दाणा खाली आलेला नाही.

त्या छपराखाली तिन्ही बिऱ्हाडं:
गव्हर्नर, सभागृह, न्यायालय.
जावाजावांसारखी, भिंत एक, चूल वेगळी,
आणि दुसरीच्या डब्यात साखर किती, यावर डोळा.

मी त्यांच्यामधली बोळ.
कागद नेते, पोचपावतीवर वेळ लिहून घेते.
पंधरा वर्षांत कुणी विचारलं नाही,
कागदात काय आहे ते वाचतेस का.
वाचते.

मार्चमध्ये नेला तो हलीमोचा कागद होता.
म्हणजे तिचं नाव नव्हतं त्यावर. कलमं होती:
मांसाच्या कारखान्यातला पट्टा मिनिटाला किती धावावा,
सुरी धरणाऱ्या हाताला तासाला किती विसावा.
हलीमो आमच्या खालच्या मजल्यावर राहते.
तिची उजवी मूठ मिटत नाही.
चहाचा कप ती दोन तळव्यांत धरते,
पाखरू धरावं तसा.

एकोणपन्नासांतले एकतीस हिरवे दिवे लागले.
चार वाजून बावन्न मिनिटांनी गव्हर्नरच्या दारात सही घेतली.
पाच दिवसांची मुदत, रविवार सोडून.
पाचव्या दिवशी कागद परत,
सोबत दीड पानाचा नम्र नकार.
तोही मीच उचलून आणला. वजन तेवढंच.

नकार मोडायला तीस लागतात.
एकतीस होते ना? होते.
मधल्या दिवसांत दोघांना कुणीतरी जेवायला नेलं.
एकोणतीस.
लॉरीन वोस्ट्री, आमची सगळ्यात जुनी कारकून,
पेन्सिल कानामागे खोचत म्हणाली, "यंत्र बरोबर चाललंय."
मी त्या दिवशी तिच्याशी बोलले नाही.

येवल्यात आमच्या दोन खोल्यांच्या दाराला
बाबा रात्री आडवं लाकूड घालायचे. अडसर.
एकदा शिरीष शेवटचा खेळ बघून आला,
थापा मारत राहिला. बाबांना जाग आली नाही,
किंवा आली.
पहाटे दूधवाल्याला तो पायरीवर सापडला, गुडघ्यांत डोकं.
त्याच महिन्यात शेजारच्या आळीत तीन घरं फुटली, आमचं नाही.
लाकडाला चोर कळत नाही, पोर कळत नाही.
ते आडवं असतं, एवढंच.

गेल्या वर्षी याच सभागृहात अडतीस हिरवे दिवे होते,
गव्हर्नरची सही त्याच संध्याकाळी, फोटोसकट:
भाडेकरूचे कागद घरमालकाने तपासावेत,
शंका आली तर खोली रिकामी.
हलीमोने पातेली खोक्यात भरली होती.
तेव्हा ते लाकूड सात न्यायमूर्तींच्या दाराला होतं.
कायदा पाडायला सातांतले पाच हवेत, चार पुरत नाहीत.
चार होते. पाचवे म्हातारे, मे महिनाभर गप्प,
जेवणाच्या सुट्टीत बाहेर बाकावर बसून चिमण्यांना पावाचा चुरा टाकणारे.
मग एका शुक्रवारी पाच.
तिने पातेली परत मांडली.
त्या दिवशी मला लाकूड आठवलंसुद्धा नव्हतं.

काल तिच्या दारावर थाप मारली,
पट्टा तसाच धावणार, हे सांगायला.
"पुढच्या जानेवारीत पुन्हा मांडतील," मी म्हणाले.
मुदती मला पाठ आहेत, त्या सगळ्या सांगितल्या.
तिने मान हलवली, बिजागरीसारखी सावकाश,
आणि कप माझ्यापुढे सरकवला,
मनगटाने.