कुर्ली

रायबंदरच्या धक्क्यावरून साडेसातची फेरीबोट
मी रोज थोडक्यात पकडते.
चोडणला उतरून वीस मिनिटं चाल,
मग मानशीजवळचा उतार,
मग आमची अंगणवाडी.
एक खोली, दोन खिडक्या, मदतीला शेवंती,
सतरा मुलं
आणि एकच तांबडी बादली.

सगळं त्या बादलीवरून.

घसरगुंडीवरून कोणी भांडत नाही, ती मोडलीच आहे.
पण जेनिसाच्या हातात बादली दिसली
की पुनाजीला तीच हवी असते,
आणि होन्नप्पा काही मागत नाही.
तो चावतो.

तीन महिन्यांत पाच चावे.
जेनिसाच्या आईनं पोरीचा दंड माझ्यापुढे धरला.
दातांची ती इवलीशी कमान, वर निळसर झालेली.
"ताका काडून उडयात," म्हणाली.
मी काढलं नाही. काय करावं हेही कळत नव्हतं.

त्याला जवळ घेऊन विचारलं, राग आला?
तो माझ्या ओठांकडे बघत राहिला.
बाप त्याचा चिरे फोडतो, घरी सगळे कानडी,
तिथे रागाला सिट्टु म्हणतात,
हे मला फार उशिरा कळलं.
तेव्हा एवढंच सुचलं, कुठे होतं रे?
पोटात? डोक्यात?
त्यानं तोंडात बोट घातलं
आणि दाढ दाखवली.

त्या दिवशी बाराखडीचा तक्ता गुंडाळून
मी त्यांना बांधावर नेलं.
ओहोटी होती. चिखलात बिळंच बिळं,
आणि एका बिळाच्या तोंडाशी
एक कुर्ली, नांगी उगारून.
पुनाजीनं काठी उचलली,
आजा त्याचा कुर्ल्या धरतो, हात सवयीनंच गेला.
म्हटलं, थांब. काही करू नको. नुसतं बघ.

आम्ही सगळे उभे.
कोणीतरी शिंकलं. कोणाची चड्डी ओली झाली.
कुर्ली हलेना.
मग कधीतरी तिनं नांगी खाली घेतली
आणि तिरकी तिरकी चालत
आपल्या घरात गेली.
होन्नप्पानं गालावर हात ठेवला होता,
दाढ दुखत असल्यासारखा.

पुढचा शब्द माझा नाही.
माझा असता तर बरं वाटलं असतं.
दुसऱ्या दिवशी बादलीपाशी तो मुठी आवळून थरथरत उभा,
आणि म्हणाला, "बाई, कुर्ली."

खोली थांबली.
जेनिसानं बादली सोडली नाही, तेही सांगायला हवं,
उलट छातीशी धरली.
पण पुनाजीनं वाकून त्याच्या तोंडात डोकावत विचारलं,
"गेली?"
"अजून ना."
"आतां?"
"आतां... गेली."
मग बादली मधे ठेवून तिघांनी तिच्यात
चपला भरल्या. माझीही एक.

आता प्रत्येकाजवळ एकेक आहे.
जेनिसाची आई निघून गेल्यावर येते,
"म्हजी कुर्ली रडटा," ती सांगते.
पुनाजीची म्हणे झोपाळू आहे.
शेवंती एकदा खिचडी ढवळताना पुटपुटली,
माझी तर लग्नापासून बिळात गेलीच नाही.

परवा पर्यवेक्षिका आल्या.
पुढच्या वर्षी पहिलीत कोण जाणार, त्यांची तपासणी.
वीसपर्यंत आकडे, सहा रंग, स्वतःचं पूर्ण नाव.
होन्नप्पा अकरापर्यंत नीट गेला,
मग सातवर परतला, मग खिडकीबाहेर.
त्यांनी लिहिलं, तयारी अपुरी.

मी काही बोलले नाही.
बोटं मात्र आत वळत गेली,
आणि माझ्या मुठीवर एक चिकट हात आला.
तो वर बघत होता, त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे.
"बाई, आयली?"

हो, म्हटलं. आली.

पर्यवेक्षिकांचं पेन थांबलं.
"काय आलं?"

आणि सतराही मुलं गप्प झाली,
त्या दिवशी बांधावर
झाली होती तशी.