जुळणीचा डबा

उद्यमबागेत भरमाणी कणबरकरनं तांब्याची नळी वाकवली,
आत मार्कंडेयची चाळलेली वाळू ठासून,
म्हणजे वळणावर चिमटत नाही.
अर्धा पीळ हवा, बाईंनी बजावलं होतं.
नकाशावरचं इंग्रजी त्यानं कानडीत विचारलं,
मराठीत समजून घेतलं,
आणि हातानं तिसरंच काही केलं.
तेच बसलं.

आता ती नळी क्वार्ट्झला बिलगून आहे.
पंप रात्रभर घरघरला.
दोनदा लाइट गेली,
दोनदा पोकळी पहिल्यापासून मोजली.

मग दिलेली वॉटं सगळी उलटी आली.
काटा सांगत होता : घेतलं नाही, परत पाठवलं,
पत्ता बरोबर असून फिरून आलेल्या पाकिटासारखं.
मी जुळणीच्या डब्याचा खटका केसभर फिरवला,
आणखी केसभर
आणि काटा पडला.
आर्गॉन निळा झाला, नळीभर, आवाज न करता.

नंतर हीलियम. समोर टंगस्टनची चकती,
नखाएवढी, आरशासारखी घासलेली.
चार तासांनी तिच्यावर काळी लव उगवली होती.
बाईंनी वहीत लिहिलं : नमुना सतरा. पुन्हा करणे.

जिच्या भिंतीसाठी हे चाललंय
ती भट्टी अजून कुठं उभीसुद्धा नाही.

भरमाणी बिल घेऊन आला, काचेतून बघत राहिला.
"एवढं पेटलंय, झळ कशी लागत नाही की ओ?"
परतीच्या पाण्याला विचार, मी म्हटलं.
त्यानं खरंच त्या रबरी नळीला हात लावला
आणि बिलाचं विसरून
बराच वेळ तसाच धरून उभा राहिला.